न्यूयॉर्क मुंबईपेक्षा जवळ

गेल्या जूनमध्ये धाकटा भाऊ न्यूयॉर्कला निघाला, तेव्हा आजीनं विचारलं, "किती लांब हाय रं?" त्यानं मोबाईल पुढं केला. मुंबई ते न्यूयॉर्क, साडेबारा हजार किलोमीटर. आजी ढिम्म. तिच्या लेखी लांब म्हणजे चालत जोतिबा आणि फार लांब म्हणजे पंढरपूर. त्यापुढचे आकडे सगळे सारखेच.

मग पुतणीचा पृथ्वीगोल आला. फुलपुडीचा दोरा भावानं मुंबईवर अंगठ्यानं दाबला आणि न्यूयॉर्कपर्यंत ताणला. मला वाटलं होतं, तो सरळ पश्चिमेला जाईल, अरबस्तान आणि आफ्रिकेवरून. पण ताण बसला तसा दोरा आपसूक वर सरकला. रशिया, नॉर्वे, आइसलँड, मग ग्रीनलंडच्या खालच्या टोकाला घासून अमेरिका. भिंतीवरच्या नकाशात हीच वाट धनुष्यासारखी वाकडी दिसते, गोलावर मात्र तीच सगळ्यात जवळची. विमान काही अगदी दोऱ्यावरून जात नाही म्हणा. कुणाचं आकाश बंद असतं, कुठं वारा आडवा येतो.

वाऱ्याचं तर आजीला फारच पटलं. जाताना पंधरा-सोळा तास, येताना तास-दीड तास कमी, कारण तिकडं वर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. "म्हंजी जाताना खंबाटकी चढायची, येताना उतरायची," आजी म्हणाली. यापेक्षा सोपं मला सांगता आलं नसतं.

खरी चढण मात्र जमिनीवरच होती. विमान रात्री एकचं. तीन तास आधी पोचायचं म्हणून आम्ही सकाळी दहालाच कोल्हापूरचा तावडे हॉटेल चौक सोडला. मागं कांदा-लसूण चटणीची तीन पाकिटं, एकात एक घातलेल्या पिशव्यांत. तरी गाडीभर वास. साताऱ्याला जेवण, पुण्याबाहेर खोळंबा, पनवेलच्या पुढं मुंगीची चाल. पावणेचारशे किलोमीटरला दहा तास! विमानानं तेवढ्या वेळात ताशी नऊशेच्या हिशेबानं नऊ हजार कापले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला भावाचा फोन आला. आजीनं स्पीकरवर विचारलं, "आता तिथं किती वाजलं?"

"सकाळचे सात."

जूनमध्ये तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागं असतं, हे मी समजवायला तोंड उघडलं. तोवर आजीची बोटं मोजून झाली होती. रात्री एकला निघाला, सकाळी सातला पोचला.

संध्याकाळी ती शेजारच्या काकूंना सांगत होती, "सा तासात पोचला की! ममईलाच दहा लागलं."