तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापूरकडची कुठली कादंबरी आधी वाचू?

पाहुण्यांत, ऑफिसात, कुणाच्या तरी लग्नात, मला वाचनाचा नाद आहे हे कळलं की हा प्रश्न येतोच: ‘कोल्हापूरकडच्या लेखकाची एकच कादंबरी वाचायची तर कुठली?’ विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक तयार असतं. ‘मृत्युंजय’, नाहीतर ‘ययाति’, नाहीतर ‘स्वामी’. गेला महिनाभर बाहेर पावसानं ठाण मांडलं होतं, तेव्हा या तिन्ही आणि त्यांच्या जोडीला आणखी काही पुन्हा ओळीनं वाचून काढल्या. काही घरातल्या होत्या, काही करवीर नगर वाचन मंदिरातून आणल्या. आता विचाराल तर सांगते: आधी आनंद यादवांची ‘गोतावळा’ घ्या.

काहींना हे पटणार नाही. आजऱ्याचे शिवाजी सावंत हा आपल्या सगळ्यांच्या अभिमानाचा विषय, आणि 1967 सालची, महाभारतातल्या कर्णावरची ‘मृत्युंजय’ आजही घराघरांत आहे. तिची बांधणी जबरदस्त आहे. नऊ भाग, सहा निवेदक, त्यातले चार भाग एकट्या कर्णाचे. पण मला खटकलं ते असं की कर्णाचा भाऊ शोण बोलतो तसंच दुर्योधन बोलतो, आणि कर्णाची बायको वृषाली बोलते तशीच कुंती. कुणाचा भाग सुरू झाला ते मथळा बघून कळतं, बोलण्यावरून नाही. उपमांवर उपमा येतात आणि कर्णाचं दुःख त्यांच्याखाली दबून जातं. शाळेत असताना याच भाषेनं मला झपाटलं होतं, हेही तितकंच खरं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला वाचनाची गोडी लावायची असेल तर मी आजही त्याच्या हातात हीच देईन.

वि. स. खांडेकर कोल्हापुरात राहिले, आणि 1959च्या ‘ययाति’मुळे मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं, 1974 साली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. शर्मिष्ठेपाशी मी थांबले, तिची पानं दोनदा वाचली. राजकन्या असून दासी झालेली ही बाई स्वतःची कीव करत बसत नाही. देवयानीचं ज्याच्यावर प्रेम होतं तो कच मात्र समोर आला की मला उपदेश ऐकल्यासारखं वाटतं. सुभाषितं इतकी आहेत की माणसं त्यांच्या आड जातात.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’बद्दल थोडक्यात. कोवाडच्या या लेखकाला दरबारापेक्षा माजघर जास्त चांगलं जमलंय. माधवराव पेशवे आणि त्यांची बायको रमाबाई एकमेकांशी जे बोलतात आणि जे बोलायचं टाळतात, त्यावर ही कादंबरी उभी आहे. थेऊरला शेवट काय होणार हे माहीत असूनही घसा दाटून येतो.

आता ‘गोतावळा’. 1971 सालची. कागलच्या मातीतला नारबा हा शेतावरचा गडी. ना आई-बाप, ना बायको. मालकाचा मळा हेच त्याचं घर आणि मळ्यातली जनावरं हीच त्याची माणसं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो त्याच्याच बोलीत बोलतो. मध्ये कुणी शिकलेला माणूस येऊन त्याचं म्हणणं समजावून सांगत नाही. कुठलं जनावर कसं बसतं, कशानं बुजतं, त्याला काय हवंय, हे नारबाला कळतं, आणि स्वतःचं लग्न व्हावं ही त्याची साधी इच्छा मात्र कुणाला कळून घ्यायची नसते. मग मळ्यात ट्रॅक्टर येतो. यादव इथं रडारड करत नाहीत, यंत्राला शिव्याही देत नाहीत. मालकाचा हिशेब त्याच्या जागी बरोबरच असतो. त्या बरोबर हिशेबात नारबाला कुठं जागाच उरत नाही. कर्णावर अन्याय झाला हे सांगायला सहा जणांना बोलावं लागतं. नारबा आपल्यावर अन्याय झाला असं म्हणतसुद्धा नाही, आणि मला रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर लगेच कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ वाचावी. 2023 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा तिची बरीच चर्चा झाली, पण वाचलेली माणसं मला त्या मानानं कमी भेटतात. धरणामुळे उठवलेल्या गावातला माणूस मागं राहिलेली म्हैस आणायला जुन्या जागी परत जातो. मधल्या काळात म्हैस रानाची झालेली असते. इथं कोल्हापुरात गंगावेशीत म्हशी बांधलेल्या असतात आणि समोर धार काढून ग्लासात फेसाचं दूध मिळतं, दिवाळीला म्हशी नटवून मिरवतात. अशा गावात राहून त्या म्हशीचं मालकाला न ओळखणं वाचलं की अंगावर काटा येतो. काळम्मावाडीच्या धरणात माझ्या मावशीच्या सासरचं घर गेलं. तिनं हे पुस्तक माझ्याकडून ऐकलं, आणि मध्येच थांबवून म्हणाली, ‘म्हस तरी परत रानात गेली, आमाला कुटं जाता आलं?’ मधल्या भागात कादंबरी रेंगाळते, त्याच त्या पाठलागात फिरत राहते. तरी सोडू नका.

शंकर पाटलांची ‘टारफुला’ गावातल्या सत्तेची आणि धाकाची गोष्ट म्हणून आजच्या निवडणुकांच्या दिवसांतही ताजी वाटते. राजन गवसांची ‘चौंडकं’ यल्लमा देवीला सोडलेल्या, म्हणजे देवदासी केलेल्या मुलीची आहे. ती मन घट्ट असेल तेव्हाच उघडा.

‘गोतावळा’ची भाषा कळत नाही, असं पुण्या-मुंबईकडची माणसं सांगतात, आणि आता इथली शहरातली पोरंही. त्यांना माझं म्हणणं एवढंच की पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा, डोळ्यांनी नुसती नको. अडलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ‘झोंबी’सारखी यादवांची दुसरी पुस्तकं त्यानंतर आपोआप सोपी होतात. माझी प्रत हवी तर घेऊन जा, फक्त पावसात सांभाळा, तिची बांधणी सुटत आलीय.