कठडा अपडेट: पुट्टी उपटली, पण अडसराने वाचवलं

मागच्या वेळी मी लय ऐटीत सांगितलं होतं की ओटीच्या कठड्याची तळपट्टी (खालची आडवी लाकडी पट्टी) झाली, आता फक्त तिच्यात गज, म्हणजे उभे लाकडी दांडे, बसवायचे. ते शब्द परत घेतो. गणपतीच्या आधी पाहुणे येणार म्हणून घाईत खांबाजवळच्या कुजक्या टोकाला एपॉक्सी पुट्टी भरली होती, ती या रविवारी सहज स्क्रू ड्रायव्हरने टोचली तर अख्खी हातात आली, पडक्या दाढेसारखी. आणि मागचं लाकूड? पिकलेला फणस परवडला, इतकं मऊ. पुट्टी कडकच्या कडक राहते, लाकूड पावसात फुगतं नि उन्हात आकसतं, मग कडेला केसाएवढी फट पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाटच नाही. कुजलेलं काढल्याशिवाय वरून काहीही थापू नका. मी थापलं.

शेजारचे काका गडग्यावरून म्हणाले, "कित्याक त्रास घेतंस, शिमिटाचो कठडो घाल नि मोकळो हो." ऐकलं असतं तर आज झोपलो असतो.

तर वीतभर टोक कापून टाकलं, ठणठणीत लाकूड लागेपर्यंत. पट्टी फणसाची, म्हणून जोडही फणसाचाच हवा होता. वखारवाल्याने "जुना माल" म्हणून दिलेला तुकडा ओलावा मोजायच्या मीटरवर २४ टक्के ओला निघाला (असला ओला तुकडा बसवला की वाळताना सांधा उघडणारच), शेवटी पडक्या गोठ्याच्या दाराची चौकट कापली. रंग आत्ता पिवळाजर्द दिसतोय पण फणस आपोआप काळवंडतो, डाय वगैरेच्या भानगडीत पडलो नाही.

खरी गोची पुढे. पट्टीची कूस, म्हणजे टोकाची जीभ, खांबातल्या खाचेत दीड इंच जाते. खांब हलत नाही, उरलेली पट्टी हलत नाही, मग मधला तुकडा कूस घेऊन शिरणार कुठून? तिरपा लांब सांधा घ्यावा तर १ ला ८ चा उतार, २ इंच जाडीला १६ इंच, म्हणजे चांगल्या लाकडातली गजांची तीन भोकं जाणार. खांबालाच लोखंडी अँगल मारू का असाही विचार आला, पण लोखंड गंजून लाकूड काळं करतं, नको. दोन दिवस नुसता डोक्याला ताप.

रात्री दाराला अडसर घालताना ट्यूब पेटली. भिंतीतून सरकत येतो ना तो! कूस तुकड्याला जोडलेली असायलाच हवी असं कुठे लिहिलंय? तुकड्याच्या पोटात खालून साडेचार इंच खोबण कोरली, पहिल्या गजाच्या भोकाला अर्धा इंच राखून. त्यात चार इंचाची सुटी कूस पूर्ण आत लपवली, तुकडा बाजूने सरकवून जागेवर आणला, जुन्या पट्टीशी अर्धाअर्धा सांधा (दोन्ही टोकं निम्म्या जाडीची करून एकावर एक), जुना भाग वर म्हणजे पाणी वरून ओघळून जाईल. मग खालून स्क्रू ड्रायव्हरने कूस ढकलली. टक्! आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नाही. मागच्या रिकाम्या जागेत पच्चर मारली, सांध्याला दोन सागवानी खुंट्या, गोंद फेव्हिकॉल मरीन.

खोबण आजोबांच्या पटाशीने कोरली. ऑनलाइन मागवलेला चकचकीत सेट तीन ठोक्यांत धार सोडतो, तो आता पेंटचे डबे उघडायला.

सावंतवाडीहून खरादावर कातून आणलेल्या पाच गजांपैकी तीन कोरडे लावून पाहिले, झकास बसले, जुने कुठले नवे कुठले ते नुसत्या रंगावरून कळतं.

पॉलिशचा प्लॅन होता, पण हे लिहिताना डोक्यात आलं की तळपट्टीतली सगळी गजांची भोकं बंद बुडाची आहेत, म्हणजे १७ वाट्याच ठेवल्यात पाणी साठवायला! कुजायचं मूळ तेच. आधी खालून प्रत्येकाला ६ मिमीचं भोक पाडतो, तेलपाणी नंतर. आणि व्हार्निश रद्द, जवसाचं तेलच लावणार. तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

सांध्याला सध्या सायकलची जुनी ट्यूब करकचून गुंडाळलीय. शनिवारी सोडतो.