गव्हाणीतली म्हैस

दिवाळी संपली की आमच्या गल्लीतले किल्ले मोडायचे, हळीव वाळून जायचा आणि मावळे पुढच्या वर्षासाठी खोक्यात. आमच्या खोक्याला मात्र डिसेंबरात आणखी एक मोहीम असायची. शेजारच्या काकू नाताळची गव्हाण, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडायच्या आणि दरवर्षी त्यांच्याकडे मेंढपाळ कमी पडायचे. मग शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेले माझे चार मावळे तिकडे रवाना व्हायचे. बेथलेहेमच्या रानात ढाल-तलवारवाले मेंढपाळ! काकूंचं म्हणणं, "असू दे रे, रात्रीची राखण आहे. लागेल तलवार."

गोठ्यात बैल आणि गाढव लागतं. काकूंच्या बैलाचा पाय कधीच मोडलेला, म्हणून त्या जागी माझी मातीची म्हैस बसायची, मागं वळलेल्या शिंगांची. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध पिऊन वाढलेल्या पोराला त्यात वावगं ते काय वाटणार? घरात बाळ जन्मलंय म्हटल्यावर दुधाची सोय नको?

वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. म्हणजे इथला नाताळ काही कालचा नव्हे. काकूंच्या घरी तर तो करंज्या आणि चिवड्याच्या वासानंच यायचा. केक असायचा, पण तो बेकरीतून आणलेला. पाहुण्यासारखा.

आता मी चव्वेचाळीसचा आहे. काकूंची मुलं परगावी असतात, गुडघ्यांमुळं काकूंना खाली बसवत नाही, त्यामुळं गव्हाण मी मांडतो. बायको दारातून बघते आणि म्हणते, "दिवसभर लोकांच्या हिशेबातल्या चुका काढणारा माणूस, इथं म्हशीच्या पाठीवर कापूस चिकटवतोय." कापूस म्हणजे बर्फ. कोल्हापुरात म्हशीवर बर्फ पडत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

पण गव्हाणीचा हा उद्योग मुळात पोरांचा नव्हेच. इटलीत ग्रेचो नावाच्या गावात १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिसनं ती पहिल्यांदा मांडली, खरा बैल, खरं गाढव, खरं गवत आणून. तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला होता. बाळाला गवतावर कसं निजवलं असेल, ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. ऐकून माहीत असलेली गोष्ट पुन्हा बघावीशी वाटणं, हे पोरांपेक्षा मोठ्यांचंच काम असावं. लहानपणी, खरं सांगायचं तर, माझं निम्मं लक्ष केकवर असायचं.

आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला तरी दुसरं काय होतं? नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुढं ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, तारखा ठरलेल्या. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येणार, पायरी पायरीनं गाभाऱ्याकडं सरकणार, हे सगळ्यांना पाठ. कधी ढग आडवे येतात, कधी वाटेतल्या इमारती, त्याचीही चर्चा आधीच होऊन गेलेली असते. तरी किरणं देवीच्या चरणांवरून वर चढू लागली की रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळे माना उंचावून गप्प. एरवी कोल्हापूरकर गप्प बसतो होय?

काकूंच्या गव्हाणीत बाळ आधीपासून नसतं. गाढव, म्हैस, मावळे, योसेफ, मरिया, सगळे रिकाम्या गवताकडं बघत बसलेले. चोवीसच्या रात्री बारा वाजता काकू बाळ ठेवतात. बोटाएवढं, नाकावरचा रंग उडालेलं. ते वर्षभर कुठं असतं, हे गुपित. निदान काकूंच्या लेखी. चहाच्या फळीवर मागच्या बाजूला बोर्नव्हिटाचा जुना डबा आहे, त्यात कापसात गुंडाळून. सातवीत असताना चिवडा शोधताना मला तो सापडला होता. काकूंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

गेल्या नाताळात बाराला पाच कमी असताना त्या उठल्या. भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या, आणि वळून माझ्यावर डोळे वटारले.

"मिट डोळे. आणि बोटांच्या फटीतनं बघायचं नाही."

मी मिटले. आत फळीवरचे डबे सरकल्याचा आवाज आला, मग एक झाकण निघाल्याचा. माझी छाती धडधडत होती.