सी-20 खाली घेतली, खिसा सांभाळून: माझा अनुभव

पाऊण टनी पिकअप रिकामी उभी असली की मागून उचलल्यासारखी दिसते. हौद्यात माल पडला की ती समतल यावी म्हणून कारखान्यातूनच तशी ठेवलेली असते. माझी शेवरोले सी-20, 1979 ची, 350 घनइंची इंजिनाची, फक्त मागच्या चाकांना ताकद असलेली. तिच्या हौद्यात मी टाकून टाकून काय टाकतो? सायकल, चार फळ्या, कुणाच्या घर बदलण्यात एखादं कपाट. मागचे पाटे (स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी पट्ट्या) मात्र टनावारी वजन येणार म्हणून कायम ताठ, आणि प्रत्येक खड्ड्यात माझ्या कंबरेचा हिशेब चुकता. म्हणून गाडी खाली घ्यायचं, म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून तिची उंची कमी करायचं ठरवलं. खिसा बेताचाच होता.

अर्धा टनी सी-10 असती तर तयार किट मागवून मोकळा झालो असतो. सी-20 ची गोष्ट वेगळी. चाकाला पाचच्या जागी आठ बोल्ट, पुढचे हब दणकट आणि मागचा अ‍ॅक्सल चौदा बोल्टचा. त्याची नळीच इतकी जाड की सी-10 चे क्लॅम्प त्यावर बसत नाहीत. बरेच जण भंगारातल्या सी-10 चा पुढचा क्रॉसमेंबर (चासीखालचा आडवा तुळईसारखा भाग) चाकं धरणाऱ्या आर्मसकट उतरवून आणतात आणि सी-20 खाली बसवतात. काम चोख होतं. पण मग पुढे पाच बोल्ट आणि मागे आठ, म्हणजे मागचा अ‍ॅक्सलही बदला, चाकंही बदला. बजेट तिथेच संपतं. शिवाय एवढं सगळं सी-10 चं लावायचं तर सी-20 घेतली कशाला, हा माझा जुना हट्ट.

दुसरा रस्ता म्हणजे अ‍ॅक्सल पाट्यांच्या खालून काढून वर घ्यायचा. त्याने मागची बाजू एकदम पाच-सहा इंच खाली येते. पण तेवढं केलं की अ‍ॅक्सल चासीवर आपटतो, मग चासीला खालून कमानीसारखी खाच पाडून तिथे जाड पत्रा वेल्ड करावा लागतो. चासी कापणं आणि वेल्ड करणं हे स्वस्तात उरकायचं काम नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून माप आधी ठरवलं: पुढे तीन इंच, मागे चार. एवढ्यात चासीला हात लावावा लागत नाही.

पहिलं काम मोजमापाचं. चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत अंतर घेतलं. जमिनीपासून घेतलं नाही, कारण टायर बदलला की तो आकडा बदलतो. टायरवरून आठवलं. या काळातल्या अनेक सी-20 ना साडेसोळा इंची रिम असतात. त्या मापाचे टायर आता सहज मिळत नाहीत, म्हणून कुणी सोळा इंची टायर त्यावर चढवायला निघाला तर त्याला हात धरून थांबवा. तो नीट बसत नाही आणि हवा भरताना फुटून माणूस जायबंदी होऊ शकतो. रिमसकट बदलायचे असतील तरच बदला, आणि कमी उंचीचे घेतलेत तरी वजन पेलण्याची श्रेणी मूळचीच ठेवा.

पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंग आहे. ती कापायची म्हटलं की निम्मे लोक नाक मुरडतात. त्यांचं अगदीच चूक नाही, कारण बहुतेकांनी गॅसच्या ज्वाळेने कापलेल्या स्प्रिंग बघितलेल्या असतात. ज्वाळेने पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग बसत जाते. ग्राइंडरला पातळ कटिंग चकती लावून, मध्ये थांबून थंड होऊ देत कापलं तर तसं होत नाही. मात्र दोन्ही टोकं आत आवळलेली असलेली स्प्रिंग कापायची नाही, तिला बसायला जागाच उरत नाही. माझ्या स्प्रिंगचं खालचं टोक मोकळं होतं, म्हणून तिकडून कापली.

किती कापायचं, इथे खरी गंमत आहे. लोक स्प्रिंग बाहेर काढतात, दोन वेढ्यांमधलं अंतर मोजतात आणि हिशेब करतात. मी अंतर मोजलं ते गाडी चाकांवर उभी असताना, टॉर्च घेऊन खाली शिरून. वजन तेवढंच राहतं, त्यामुळे उरलेला प्रत्येक वेढा आधी जेवढा दबला होता तेवढाच दबतो. म्हणजे वेढा काढल्यावर स्प्रिंग कमी होते ती दबलेल्या अवस्थेतल्या अंतराने. समजा ते अंतर मध्यापासून मध्यापर्यंत दीड इंच भरलं, तर अर्धा वेढा काढल्यावर स्प्रिंग पाऊण इंच आखूड. पण स्प्रिंग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसते, चाक टोकाला असतं, त्यामुळे चाकाशी तो पाऊण इंच जवळजवळ दीड होतो. आणि स्प्रिंग कडकही होते. आठ वेढ्यांपैकी एक काढला तर ताठरपणा साधारण 14 टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या वेढ्याने सुरुवात करा, बसवा, गाडी थोडी फिरवून आणा आणि मग पुन्हा मोजा. कापलेलं परत जोडता येत नाही.

स्प्रिंग काढताना चेष्टा नको. दबलेल्या स्प्रिंगमध्ये हाड मोडण्याइतका जोर असतो. चासी जॅकस्टँडवर, शॉकअप काढलेला, खालच्या आर्मखाली ट्रॉली जॅक आणि स्प्रिंगमधून ओवून चासीला बांधलेली साखळी. आर्म आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांना जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा नट सैल केला, पण दोन-चार आटे ठेवून. मग नकलच्या कानावर बाजूने हातोड्याचे ठोके. ‘टप्प’ असा आवाज येतो आणि टेपर सुटतो. त्यानंतर जॅकने आर्मला आधार देऊन नट काढला आणि जॅक अगदी हळूहळू खाली. परत बसवताना कापलेलं टोक आर्मच्या खोबणीत नेमकं टेकलंय ना, ते बोट फिरवून पाहिलं.

मागच्या पाट्यांचं काम अंगमेहनतीचं, पण सरळ. संच उतरवला आणि सगळे पाटे मध्ये एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे सी-क्लॅम्प आवळल्यावरच बोल्ट काढला, नाहीतर पाटे अंगावर उसळतात. पाट्यांच्या मधून निघालेला गंज म्हणजे घमेलंभर तपकिरी भुकटी. मुख्य पाटा, ज्याला दोन्ही टोकांना डोळे असतात, त्याला हात लावायचा नाही. सगळ्यात खालचा जाड, जवळजवळ सपाट पाटा जड मालासाठीच असतो. तो काढला, आणि मधला एक. उरलेले तारेच्या ब्रशने घासले आणि आखूड सेंटर बोल्ट टाकला.

उरलेली उंची शॅकलमधून, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीतून काढली. बहुतेक गाड्यांना लांब शॅकल लावला की मागची बाजू वर जाते. या गाडीत उलटं आहे. शॅकल चासीच्या कण्यावरून वर जातो आणि पाट्याचा डोळा त्याच्या वरच्या टोकाला असतो, त्यामुळे शॅकल लांब केला की गाडी खाली येते. डोळा जेवढा सरकेल त्याच्या साधारण निम्मं अ‍ॅक्सलपाशी मिळतं. जुने बोल्ट बुशमध्ये (डोळ्यातल्या रबरी नळीत) असे अडकले होते की शेवटी कापावेच लागले. नव्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळू नका. चाकांवर वजन आल्यावर आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

इथपर्यंत खर्च जवळपास नाहीच: चकत्या, दोन बोल्ट, शॅकल, बुश. खरा पैसा यापुढे गेला, आणि पहिल्यांदा असं काम करणारे नेमके इथेच हात आखडतात. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे जुने यू-बोल्ट एकदा आवळलेले, ताणलेले असतात, ते परत वापरायचे नाहीत. मूळ शॉकअप आता लांब पडतात आणि दांडा तळाला लागला की आतून फुटतात, म्हणून आखूड घेतले. बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर आपटणं झेलणारे रबरी ठोकळे, कमी उंचीचे टाकले. शॅकल बदलल्याने पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट जिथे मागच्या अ‍ॅक्सलला जोडतो तिथला) कोन फिरला आणि ठराविक वेगाला गाडीत थरथर आली. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचरीसारखी पट्टी टाकल्यावर ती गेली. सायलेन्सरचा पाइप अ‍ॅक्सलवरून जातो, तिथे एक इंचही जागा उरली नव्हती. त्याचा हँगर हलवला.

व्हील अलाइनमेंट तर टाळूच नका. पुढची बाजू खाली आली की चाकांची डोकी आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. या गाडीत वरच्या आर्मच्या शाफ्टमागे पातळ पट्ट्या असतात, त्या कमी-जास्त करून कोन बसवतात. अलाइनमेंटवाल्याला आधीच सांगा की सस्पेन्शनची उंची बदलली आहे. आणि स्प्रिंग बसायला थोडं फिरवून मगच गाडी न्या, नाहीतर पैसे दोनदा जातात.

बसता बसता गाडी पुढे तीन इंचांपेक्षा किंचित जास्त खाली आली आणि मागे चारला थोडी कमी. रिकामी गाडी आता किंचितच मागून वर आहे आणि वळणावर पूर्वीइतकी कलत नाही. मागचे खड्डे अजून जाणवतात, पण कंबर तक्रार करत नाही. दाराच्या चौकटीवरचा वजनाचा आकडा आता मी मानत नाही. दोन पाटे कमी आहेत, म्हणून हौद्यात सिमेंटची पोती भरायला कुणी गाडी मागितली तर मी सरळ नाही म्हणतो. हेडलाइटचा रोख पुन्हा जुळवून घेतला. काही आठवडे चालवल्यावर यू-बोल्टचे नट परत एकदा टॉर्क पान्याने तपासले. एका बाजूचे चांगलेच सैल झाले होते.