बँकॉकला? आणि सासूबाईंना घेऊन?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारून झालाय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, आणि परवा डेंटिस्टनेही विचारला, तोही माझं तोंड उघडं असताना. विचारणारा आधी माझ्या नवऱ्याकडे बघून हसतो आणि मग माझ्याकडे वळतो. "सहकुटुंब बँकॉक? मुलं, सासूबाई, सगळे?" मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तिथे केलंत काय?"

आधी त्या हसण्याचं उरकून टाकू. रात्रीच्या बारांच्या त्या गल्ल्या आहेत. पॅटपाँग, नाना, सोई काउबॉय. नावं कुणाला सांगायला लागत नाहीत. रात्री तिकडे फिरकायचं नाही, विषय संपला. बाकीचं अवाढव्य शहर सकाळी उठतं, भिक्षूंना अन्न वाढतं, पोरांना गणवेश घालून शाळेत सोडतं आणि ट्रॅफिकमध्ये अडकतं. आम्ही साफान ताक्सिन स्टेशनाजवळ राहिलो, कारण तिथे स्कायट्रेन आणि नदीवरचा साथोन धक्का एकमेकांना खेटून आहेत. म्हातारं माणूस आणि लहान मुलं बरोबर असतील तर हॉटेलचे तारे मोजू नका, स्टेशनापर्यंतची पावलं मोजा.

केलं काय, याचं खरं उत्तर म्हणजे सासूबाईंनी रामायण बघितलं. तिथला राजवाडा, ग्रँड पॅलेस, सकाळी साडेआठला उघडतो, आम्ही दारातच होतो. तिकीट 500 बाट, म्हणजे कमी नाही. गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, त्यामुळे हाफ पँटवाले पर्यटक बाहेर हत्तीछाप पायजमे विकत घेत होते आणि सासूबाई पाचवारी साडीत ऐटीत आत. आवारात पाचूचा बुद्ध म्हणतात त्याचं देऊळ आहे. त्याच्याभोवती लांबच लांब ओवरी, आणि ओवरीच्या भिंतीवर 178 चित्रांत अख्खी रामकथा. थायलंडात तिला रामकियेन म्हणतात. सोन्याचं काम इतकं बारीक की डोळे चित्राला टेकवावेसे वाटतात.

माझ्या सासूबाई शनिवार करणाऱ्या. त्यांनी पांढरा मारुती लांबूनच ओळखला. एका ठिकाणी तो अजस्र झालाय आणि रामाचा अख्खा महाल त्याच्या तोंडात आहे. "अगं, हे अहिरावण-महिरावणाचं," म्हणाल्या, आणि मुलांना तिथेच कट्ट्यावर बसवून गोष्ट सुरू केली. इथवर छान चाललं होतं. मग नवऱ्याने फोनमध्ये बघून माहिती पुरवली की इथल्या मारुतीचं सुवण्णमच्छा नावाच्या मत्स्यकन्येशी जमतं, ती रावणाचीच मुलगी, आणि त्यांना मच्छानु नावाचा मुलगाही होतो.

"मुलगा आहेच की," सासूबाई म्हणाल्या. "मकरध्वज. पण तो घामाच्या थेंबातून. तो थेंब मगरीने गिळला म्हणून."

"इथे तसं नाही, आई."

त्या बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या लांब आलेली गोष्ट. वाटेत काहीतरी व्हायचंच." आणि तरीही हात जोडले. त्यानंतर जेवढे मारुती दिसले त्या सगळ्यांकडे त्या जरा संशयानेच बघत होत्या.

खाण्याचं सगळेच विचारतात. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस आपल्याकडच्या मिठासारखा सगळीकडे पडतो, नुसत्या भाजीतसुद्धा. म्हणून 'व्हेज' या शब्दावर विसंबू नका. पिवळा झेंडा किंवा पिवळी पाटी शोधायची आणि तिच्यावर लाल रंगात इंग्रजी 17 आकड्यासारखं दिसणारं अक्षर. ते 'जे'. चिनी बौद्धांच्या पथ्याचं हे जेवण, मासे-मांस तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या बाईला आणखी काय हवं! शिवाय फाहुरात भागात सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे. तिथे सकाळी लंगरात जेवलो, आणि चार घास पोटात गेल्यावर सासूबाईंचा त्या शहराबद्दलचा एकूण सूरच बदलला.

पण त्यांना तिथलं सगळ्यात आवडलं ते खनोम क्रोक. एका गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर एक बाई बसली होती. पुढ्यात चक्क आप्पेपात्र, खळग्याखळग्यांचं. तांदळाचं पातळ पीठ ओतायचं, वरून नारळाचं दाट दूध, मग झाकण. कडा तांबूस झाल्या की चमच्याने अलगद सोडवून दोन अर्धुकं एकमेकांवर पालथी घालायची. काहींवर कांद्याची पात होती. सासूबाईंनी बोटाने ती दाखवून मान हलवली, बाईने हसून मक्याचे दाणे घातलेले दिले. बाहेर कुरकुरीत, आत खिरीसारखं. सासूबाई खाता खाता आच किती आहे ते वाकून बघत होत्या. पुढे पाच-सात मिनिटं त्या दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि दोघींचं नीट चाललं होतं.

मॉल आम्हीही बघितले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की एसी उत्तम होता.

मुलांना विचाराल तर ती बोट सांगतील. नारिंगी झेंड्याची चाओ प्राया नदीवरची बोट म्हणजे पर्यटकांची सफर नव्हे, ऑफिसला जाणाऱ्यांची रोजची गाडी. धक्क्याशी धड थांबत नाही. मागे उभा असलेला खलाशी शिट्ट्या मारून चालकाला पुढे-मागे सांगतो, दोर खांबाला अडकतो, चला उतरा, चला चढा. तिकीट देणाऱ्याच्या हातात पत्र्याची नळी, ती खडखड वाजवत तो गर्दीतून येतो आणि त्याच नळीत सुटे पैसे, तिकिटं, सगळं. धाकट्याने घरी आल्यावर पट्टीच्या डब्यात नाणी भरून आमची तिकिटं फाडली. सासूबाईंना बसायला जागा नेहमी मिळाली, कुणीतरी उठायचंच. भिक्षूंसाठी वेगळी जागा असते, तिथे मात्र आपण बसायचं नाही.

दुपारी बारा ते चार खोलीत झोप. हे न करणारी कुटुंबं आम्ही रस्त्यात भांडताना बघितली. चारनंतर लुम्फिनी पार्क. तिथल्या तळ्यातून माणसाएवढ्या लांब घोरपडी बाहेर येतात आणि धावणाऱ्यांच्या मधून आरामात चालत जातात. मुलाने नुकताच सिंहगड वाचलेला, त्यामुळे "हिला दोर बांधला तर चढेल का?" हा प्रश्न आम्हाला पुढे विमानापर्यंत पुरला. बरोबर सहाला कर्ण्यांवर राष्ट्रगीत लागलं आणि धावणारे, व्यायाम करणारे, बाबागाडीवाले, सगळे होते तिथे उभे राहिले. घोरपड तेवढी चालत राहिली.

एक सावधगिरी. राजवाड्याजवळ कुणी गोड बोलून "आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो" म्हणाला तर त्याला नमस्कार करा आणि दाराकडे चालू लागा. तो टुकटुकमधून, म्हणजे तिथल्या रिक्षातून, तुम्हाला रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेणार.

मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ का, असंही विचारतात. एप्रिल-मे तिथेही भाजून काढतात. 13 एप्रिलपासून सोंगक्रान, म्हणजे त्यांचं नववर्ष, तेव्हा रस्त्यात पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन सगळं शहर उतरतं. मुलं खूश होतील, आजी होणार नाहीत. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो. पाऊस ओसरत आलेला असतो, नदी भरलेली असते. छत्री न्या. आणि आजींसाठी सहज काढता-घालता येतील अशा चपला, कारण प्रत्येक देवळात त्या बाहेर काढाव्या लागतात.