जांभळं की गुलाबी: दह्याचं ग्रॅम स्टेनिंग

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी ग्रॅम स्टेनिंग (जीवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायची पद्धत) माझं सलग तीनदा फसलं. नमुना घरच्या दह्याचा. त्यातले लॅक्टोबॅसिलस हे कांडीसारखे जीवाणू ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातले, म्हणून जांभळे दिसायला हवेत. माझ्या स्लाइडवर मात्र बहुतेक कांड्या गुलाबी.

स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला नमुन्याचा थर, वाळवून ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचा, मग क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, अल्कोहोल, शेवटी सॅफ्रानिन. सगळी मेख अल्कोहोलमध्ये. ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंची पेशीभित्तिका म्हणजे पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाचे थरावर थर. अल्कोहोलनं त्यातलं पाणी निघून जातं, जाळी आवळते आणि व्हायोलेट-आयोडीन आतच अडकतं. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंची भित्तिका पातळ, तिच्याबाहेर लिपिडचं पटल. अल्कोहोलनं ते विरघळतं नि रंग वाहून जातो. मग सॅफ्रानिन त्यांना गुलाबी करतं. पण अल्कोहोल रेंगाळलं, तर जाड भिंतीतूनही रंग निघतो.

मॅडमनी स्लाइड उजेडात धरली आणि विचारलं, “दही कधीचं गं?” तीन दिवसांचं, चांगलं आंबलेलं! जुन्या पेशींच्या भिंती खिळखिळ्या होतात, त्या रंग धरत नाहीत. शिवाय मी दही जाडच फासत होते. प्रथिनांत नि स्निग्धांशात मुरलेला रंग सुटेना, म्हणून अल्कोहोल ओततच राहायचे. तोवर कडेच्या पातळ भागातले जीवाणू रंग गमावून बसायचे.

चौथ्यांदा सकाळी लागलेलं ताजं दही नेलं. पाण्याच्या थेंबात लूपभर (तारेच्या कडीवर मावेल इतकं) कालवून पातळ पसरलं. त्याच स्लाइडच्या दुसऱ्या टोकाला ई. कोलाय लावले, पडताळ्यासाठी. हे प्रत्येकानं करावंच. स्लाइड तिरपी धरून अल्कोहोल थेंबाथेंबानं सोडलं आणि ओघळणारा थेंब नितळ दिसताच पाण्यानं धुतलं. दहा-बारा सेकंदांचा खेळ.

सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली जांभळ्या कांड्या, मध्ये दह्यातल्याच स्ट्रेप्टोकोकस जीवाणूंच्या मण्यांसारख्या साखळ्या. दुसऱ्या टोकाला सगळं गुलाबी. एकाच हातानं, एकाच वेळी रंगवलेलं! पेनिसिलिन याच पेप्टिडोग्लायकनची बांधणी अडवतं आणि आपल्या पेशींना ही भिंतच नाही, हे पाठ होतं. खरं पटलं ते त्या दिवशी.

पुढच्या आठवड्यात आंबवलेलं इडलीचं पीठ रंगवलं. यीस्टच्या मोठ्या, अंडाकृती पेशीही जांभळ्या दिसल्या! त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन मुळीच नसतं. असतात ग्लुकान, मॅनन आणि थोडं कायटिन. तेव्हा जर्नलमध्ये नुसत्या रंगावरून ‘ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणू’ लिहू नका, आधी आकार आणि आकारमान बघा.