उम्म अर-रसास: आधी शेड, मग दगड

जॉर्डनमधल्या उम्म अर-रसासला, म्हणजे एका जुन्या गावाच्या अवशेषांना, मी उलट्या बाजूने सुरुवात केली. समोर तट दिसला म्हणून खिंडारातून आत घुसलो आणि भर दुपारी तासभर ढिगाऱ्यांवरून तोल सावरत हिंडलो. मध्येच एखादी कमान उभी, बाकी सगळे दगड. जागतिक वारसा म्हणतात तो हाच का, असं मनात आलंच. तुम्ही तसं करू नका. आधी थेट उत्तरेकडच्या मोठ्या शेडमध्ये जा. खरा ऐवज तिथे जमिनीवर आहे, आणि तो पाहिल्यावर बाहेरचे दगडही बोलू लागतात.

शेडखाली एकमेकांना लागून असलेली चर्चं आहेत. बिशप सर्जियसच्या चर्चमधलं मोझेक (रंगीत खड्यांची जमिनीवरची नक्षी) इ.स. ५८७ च्या सुमाराचं. शेजारच्या संत स्तेफनच्या चर्चमध्ये वेदीपुढच्या भागावर ७५६ साल नोंदलेलं आहे. हा आकडा जरा घोळवून बघा. अरबांनी बायझंटाइन (पूर्व रोमन) सैन्याला हरवलं ती यार्मूकची लढाई ६३६ ची, म्हणजे अरबांची सत्ता येऊन शंभरावर वर्षं झाली होती, तरी या खेड्यात ग्रीक अक्षरांत लेख मांडून चर्चची नवी जमीन घातली जात होती.

याच संत स्तेफनच्या चर्चमध्ये मधल्या मोठ्या जमिनीच्या कडेने गावांची चित्रं आहेत. एका बाजूला जेरुसलेम, नाब्लुस, गाझा. दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फिया (म्हणजे आजचं अम्मान), मादबा आणि खुद्द हे गाव, ‘कास्त्रोन मेफा’. १९८६ मध्ये फ्रान्सिस्कन संशोधक मिकेले पिच्चिरिल्लो यांच्या उत्खननात ही अक्षरं उघडी पडली आणि गावाचं जुनं नाव पक्कं झालं. चित्रात तटबंदी आहे आणि चौकात पायऱ्यांवर उभारलेला खांब आहे. ते नीट डोक्यात ठेवा. मग तटाशी गेलात की आपण त्याच चित्राच्या आत उभे आहोत हे कळतं. तट मूळचा रोमन छावणीचा. सैनिक गेले, आत घरं भरली, जागा पुरेना तेव्हा वस्ती उत्तरेला बाहेर सांडली.

माझा सगळ्यात जास्त वेळ मात्र गेला पुसलेल्या माणसांपाशी. मासे धरणारे, शिकारी, देणगीदार... सगळ्यांचे चेहरे आणि अंगं विस्कटलेली. पण हे घणाचे घाव नव्हेत. खडे उपटून तेच खडे त्याच जागी सरमिसळ करून पुन्हा बसवले आहेत. एका माणसाच्या जागी तर चक्क झाड उगवल्यासारखं वाटलं. तोडफोड करणारा माणूस एवढी मेहनत घेत नाही. जमीन वापरात ठेवायची होती, फक्त सजीवांचे आकार नको होते. गावांच्या इमारतींना कोणी हात लावलेला नाही.

गावात सोळा चर्चं सापडली आहेत, पण पुष्कळसा भाग अजून जमिनीखालीच आहे. उघड्यावर काही ठिकाणी मोझेकवर जतनासाठी वाळू पसरलेली असते, ती पायाने बाजूला करायचा मोह आवरा.

उत्तरेला दीडेक किलोमीटरवर चौकोनी मनोरा आहे, साधारण चौदा मीटर उंच. आत जिना नाही! वर खोली आहे आणि तिथे जगापासून दूर राहणारा तपस्वी राहत असावा, असं मानतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं उभे राहणारे खडेश्वरी असतात, तशीच ही खांबावरच्या साधूंची परंपरा. सीरियात पाचव्या शतकातल्या संत सिमेओनने तर पस्तीसहून जास्त वर्षं खांबावर काढली.

आता कामाचं. मादबाहून हे ठिकाण सुमारे तीस किलोमीटर, आग्नेयेला. बसच्या भरवशावर राहू नका. मादबाहूनच टॅक्सी ठरवा आणि ‘थांबायचं’ आणि ‘मनोराही’ हे दोन्ही मुद्दे पैशांच्या आधी बोलून घ्या. माझा चालक मनोऱ्याचं नाव काढताच वेगळे पैसे मागू लागला. जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचा एकत्रित प्रवेश-पास) इथे चालतो. देशात येण्याआधी तो विकत घेतला आणि किमान तीन रात्री राहिलात, तर व्हिसाचं शुल्कही त्यातच सुटतं. मादबाच्या सेंट जॉर्ज चर्चमधला सहाव्या शतकातला, जेरुसलेम आणि आसपासचा प्रदेश दाखवणारा जमिनीवरचा मोझेक नकाशा आदल्या दिवशी पाहून ठेवा, गावांची चित्रं ओळखायला सोपी जातात.

शेड सोडली तर सावली शोधून सापडत नाही. पाणी आणि टोपी न्या, घट्ट तळव्याचे बूट घाला, आणि शक्यतो सकाळीच पोचा. आतल्या विहिरी आणि टाक्यांना सगळीकडे कठडे नाहीत, मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका.